झाडलोट

सांगलीहून आठ-दहाची एस.टी.
खिडकी तू धरलीस, डबा मांडीवर,
आणि तासगाव येईतोवर अवाक्षर नाही.
द्राक्षाच्या मांडवांवर पाखरांसाठी जाळी टाकलेली.
मग येरळेचं पात्र : वाळू, एक बगळा,
बगळ्याला पुरेल एवढंच पाणी.

आज काही काम नाही, मी दोनदा म्हणालो.
तलाठी नाही, बँक नाही, कुणाचं तेरावं नाही.
नुसतं फिरायचं.
'नुसतं?' तू विचारलंस,
जणू त्या नावाचं गाव आहे
आणि तिथं एस.टी. थांबत नाही.

विट्यात उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा.
तुला पेठेतली ती बोळ दाखवली
जिथं चौदाव्या वर्षी निवृत्तीअण्णा सरगर मला म्हणाला होता,
सोनं खाणीत असतं हे शाळेतलं, पोरा.
सोनं असतं केरात.

सोनाराच्या दुकानातला केर :
झिजलेला झाडू, बसायची चटई,
हात धुतलेलं पाणी, कारागिराच्या सदऱ्याची बाही.
सगळं जाळायचं, चाळायचं,
शोरा घालून भट्टीला द्यायचं.
मुशीच्या तळाला उरते तांदळाची कणी.
त्या कणीमागं मी कोइमतूरला गेलो
आणि बत्तीस वर्षं
दिवाळीला आठ दिवस घरी आलो.

बोळीत आता मोबाइलची दुकानं.
तू म्हणालीस, बघून झालं असंल तर चला, ऊन तापतंय.

वडापनं घाटमाथ्यावर. गाव लांबूनच चमकत होतं.
तीन मजले, काचेचे सज्जे, गच्चीवर सिमेंटचा गरुड.
एका बंगल्याचं नाव सेलम, एकाचं राउरकेला,
एकाचं नुसतंच आई.
सगळ्यांना कुलपं.
राउरकेल्याच्या पोर्चमध्ये शेळी बांधलेली,
ती आपल्याकडं मालकिणीसारखी बघत होती.

मी सांगत होतो, कोण कुठल्या गल्लीत, कुणाची भट्टी मोठी,
तेजाबाच्या वाफेनं कुणाचे दात गेले.
खाण इथं होतीच, म्हटलं,
माणसांची. घरटी एक जण उपसला.
वाक्य बरं जमलं होतं.
तू ऐकलंच नाहीस.
तलावाच्या बांधाकडं चालत सुटलीस, चपला हातात घेऊन.

बांधावर भाकरी सोडली. ठेचा, शेंगदाण्याची चटणी,
बुक्कीनं फोडलेला कांदा.
पाण्यात दोन पाणकोंबड्या.
आणि खाता खाता, घास तोंडात ठेवूनच,
पायानं दाखवलंस :
'त्यो दगड माझा.'
कुठला?
'खालनं तिसऱ्या ओळीतला. काळा, कोपरा उडालेला.
बहात्तर साली. बारा वर्षांची हुते.
खडी फोडायची, दगड व्हायचा, दुपारी सुकडी.
त्यो माझ्या अंगठ्यावर पडला, म्हणून वळखतो.'

त्रेचाळीस वर्षं झाली लग्नाला.
डाव्या अंगठ्याचं तुझं ते चपटं नख
मी रोज बघतो.
मला वाटायचं, जन्मखूण.

मी उतरलो खाली, गुडघे धरत.
बोट फिरवलं दगडावर,
मग सवयीनं नखानं घासून पाहिला,
कस लावतात तसा.
वरनं तू हसलीस, ठसका लागेस्तोवर.
'किती कॅरट?'

परतीची गाडी उशिरा आली. तू माझ्या खांद्यावर झोपलीस,
तोंड उघडं, डबा माझ्या मांडीवर.
तासगावचे दिवे गेले, मी हललो नाही.

घरी चपला झटकल्या तर मुरमाड माती पडली उंबऱ्यात,
मूठभर.
मी केरसुणी उचलली. तू म्हणालीस, ठेवा ती,
दिवे लागल्यावर केर काढत न्हाईत.

रात्रभर ती माती तिथंच होती.
दोनदा पाणी प्यायला उठलो, दोनदा ओलांडून गेलो.
सकाळी उंबरा स्वच्छ.
सुपली कुठं रिकामी केलीस
ते विचारायचं राहूनच गेलं.